कमांड चालवली, पण झाली का? रिटर्न कोडचं प्रकरण नवख्यांसाठी

प्रोग्रॅममधून पहिल्यांदा सिस्टिम कमांड चालवणाऱ्या कुणाचाही कोड बघा, साधारण एकाच साच्यातला असतो. कमांडची एक स्ट्रिंग जोडायची, फंक्शनला द्यायची आणि खालच्या ओळीत प्रिंट करायचं, "बॅकअप झाला". आता तो झाला का नाही हे कुणी विचारलेलंच नसतं, ती प्रिंटची ओळ कशावरही अवलंबून नसते, त्यामुळे डिस्क भरली, पासवर्ड चुकला, कमांड मशीनवर नसलीच तरी "बॅकअप झाला" हे येणारच. मीही असंच लिहायचो, आणि त्याची फळंही भोगलीत, ते खाली येईलच.

कमांड संपताना एक आकडा मागे सोडून जाते, त्याला रिटर्न कोड म्हणा, एक्झिट कोड म्हणा, एक्झिट स्टेटस म्हणा. तो शून्य असला तर ठीक, नसला तर गडबड, एवढं सगळ्यांना कॉलेजातच कळलेलं असतं. गोंधळ होतो तो पुढे, कारण जो आकडा तुमच्या हातात पडतो तो कित्येकदा तुम्हाला हव्या असलेल्या कमांडचा नसतोच. म्हणून या लेखात मी परत परत एकच प्रश्न विचारणारे, हा आकडा नक्की कुणाचा?

सोबत लिनक्सचं टर्मिनल आणि पायथन ३ असलं की पुरे. वाचत वाचत करून बघा, नुसतं वाचून हे डोक्यात राहत नाही.

पायरी १: आधी हाताने बघा

टर्मिनल उघडा, असलेल्या एखाद्या फोल्डरवर एलएस मारा. यादी येईल. लगेच इको $? मारा, ० दिसेल. आता मुद्दाम नसलेल्या फोल्डरचं नाव देऊन एलएस मारा, अशी फाइल नाही म्हणून ओरडेल, पुन्हा इको $? मारलं की २ दिसेल (मॅकवर असाल तर १, एलएस वेगळा आहे तिथला). आता मध्ये काहीही न करता परत एकदा इको $?. शून्य आला ना? फोल्डर काही जादूने तयार झाला नाही, हा शून्य मघाच्या इकोचा आहे. $? म्हणजे "नुकत्याच संपलेल्या कमांडचा कोड", त्यामुळे मध्ये एक लॉगची ओळ जरी लिहिली तरी खरा कोड गेला. स्क्रिप्टमध्ये कमांड झाली रे झाली की पुढच्याच ओळीत $? एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग काय लॉग लिहायचा तो लिहा. ही चूक मी चांगल्या अनुभवी लोकांच्या स्क्रिप्टमध्ये पाहिलीय, कारण बहुतेक वेळा ती अशी होते की कोड आधी बरोबर असतो आणि नंतर कुणीतरी मध्ये "कमांड संपली" असा इको घुसवतं.

शून्य म्हणजे यश हे सुरुवातीला उलटं वाटतं, पायथन आणि सीमध्ये शून्य म्हणजे खोटं. पण कमांड यशस्वी व्हायला एकच प्रकार असतो, फसायला मात्र शंभर, मग फसण्यासाठीच जास्त आकडे राखून ठेवले हे बरोबरच आहे. लक्षात एवढंच ठेवायचं की शेलच्या (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) इफमध्ये शून्य खरं आणि पायथनच्या इफमध्ये शून्य खोटं. पायथनमध्ये "इफ कोड" असं आळशीपणाने न लिहिता सरळ "कोड शून्याबरोबर नसेल तर" असं पूर्ण लिहा, तीन महिन्यांनी तुम्हालाच वाचायचंय.

अजून एक प्रयोग. बॅशला (लिनक्सवरचा नेहमीचा शेल) मायनस सी देऊन अवतरणात एक्झिट ३०० लिहा आणि मग $? बघा. (थेट टर्मिनलवर एक्झिट ३०० मारू नका, खिडकीच बंद होईल, हो, मी केलंय.) उत्तर येईल ४४. कारण हा कोड एका बाइटचा असतो, ० ते २५५, त्याच्या पुढे गेलं की २५६ वजा होत राहतात, ३०० मधून २५६ गेले की ४४. मायनस १ दिला तर २५५ होतो. आणि २५६ दिला तर? शून्य! म्हणजे पार फसलेली कमांड यशस्वी. कुठल्याशा स्क्रिप्टमध्ये "जितक्या ओळी चुकल्या तितका एक्झिट कोड" असा हुशार प्रकार केलेला मी पाहिलाय, तिथे बरोब्बर २५६ ओळी चुकल्या की सगळं आलबेल. चुकांची संख्या सांगायची असेल तर ती प्रिंट करा, कोडमध्ये कोंबू नका.

पायरी २: ठरलेले आकडे तोंडपाठ करा

फार नाहीत. १२७ म्हणजे शेलला ती कमांड सापडलीच नाही, ९९ टक्के वेळा स्पेलिंग किंवा पाथचा घोळ. १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही, बहुतेक वेळा फाइलवर चालवायची परवानगीच दिलेली नसते. आणि १२८च्या वरचे आकडे म्हणजे बहुतेक वेळा कमांड स्वतःहून संपली नाही, तिला सिग्नलने (चालू प्रोग्रॅमला बाहेरून पाठवलेली सूचना) मारलं, त्यातून १२८ वजा केले की सिग्नलचा नंबर मिळतो.

म्हणजे १३० आला तर सिग्नल २, कुणीतरी कंट्रोल-सी दाबलं. १४३ म्हणजे सिग्नल १५, सभ्यपणे बंद हो सांगितलं. १३९ म्हणजे सिग्नल ११, सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रॅमने नको त्या मेमरीत हात घातला. आणि १३७, म्हणजे सिग्नल ९. हा दिसला की लिनक्सवर आधी मेमरी तपासा, मशीनची किंवा कंटेनरची मेमरी संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) एखादी जड प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, निवडून तिला ९ नंबरने उडवतो, तुमच्या प्रोग्रॅमला "अरे थांब" म्हणायचीही संधी मिळत नाही, त्यामुळे त्याच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही आणि माणूस तासभर लॉग चाळत बसतो. डीमेसग (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) मध्ये मात्र कर्नलने नोंद केलेली असते. वजाबाकीचा कंटाळा असेल तर बॅशमध्ये किल मायनस एल १३७ असं टाइप करा, तो नाव सांगतो, किल.

पायरी ३: पायथनमधला २५६ आणि त्याच्यामागचा घोळ

आता प्रोग्रॅममध्ये येऊ. पायथनमध्ये ओएस.सिस्टिम हे फंक्शन वापरून फॉल्स नावाची कमांड चालवा. फॉल्स ही खरंच कमांड आहे, तिचं काम एकच, १ कोड देऊन संपायचं. उत्तर १ यायला पाहिजे, येतं २५६. मग मुलं विचारतात, कोड २५५ पर्यंतच असतो ना, हा २५६ कुठून आला?

तर हा एक्झिट कोड नाहीच. लिनक्समध्ये एखादी प्रोसेस संपली की तिच्या आईबापाला, म्हणजे ज्या प्रोसेसने तिला सुरू केलं तिला, कर्नल एक मोठा आकडा देतो, त्याच्या वरच्या आठ बिटांत एक्झिट कोड असतो आणि खालच्या बिटांत सिग्नलने मेली असेल तर त्या सिग्नलचा नंबर आणि कोअर डंप (मरताना काढलेली मेमरीची प्रत) पडला का याची खूण. ओएस.सिस्टिम हा आख्खा आकडा तसाच तुमच्या हातात ठेवतं, न सोलता. म्हणून १ चा झाला १ गुणिले २५६, आणि २ चा ५१२. सोलायचं असेल तर आठ बिट उजवीकडे सरकवा, किंवा पायथन ३.९ पासून त्यासाठी वेटस्टेटस-टू-एक्झिटकोड नावाचं फंक्शन ओएस मॉड्युलमध्ये आहे, ते वापरा. सीमधलं सिस्टिम फंक्शनही असंच, तिथे आधी डब्ल्यू-इफ-एक्झिटेड विचारायचं आणि मग डब्ल्यू-एक्झिट-स्टेटसने कोड काढायचा. पर्लवाल्यांना तर हे पाठच असतं, $? >> ८. विंडोजवर मात्र ओएस.सिस्टिम सरळ कोड देतं, म्हणजे तिथे आठ बिट सरकवलेत तर वाट लागली.

आता या दोन गोष्टी एकत्र करा, पायरी १ मधला २५६ आणि हा २५६. समजा कुणीतरी लिहिलं की माझी पायथन स्क्रिप्ट त्या कमांडचाच कोड घेऊन संपू दे, म्हणजे ओएस.सिस्टिमचं उत्तर उचलून सरळ सिस.एक्झिटला दिलं. वाचायला किती साधं. कमांड फसली, कोड १, हातात आला २५६, तो गेला सिस.एक्झिटला, तिथे एका बाइटमध्ये कापला, उरला शून्य. म्हणजे कमांड कुठलाही कोड देऊन संपली तरी ही स्क्रिप्ट आयुष्यात कधीही फसू शकत नाही! फॉल्स असो, डिस्क भरलेली असो, कमांड नसलेली असो, बाहेर कायम शून्य. करून बघा, दोन ओळींचा प्रोग्रॅम आहे, आणि बघून झाला की ओएस.सिस्टिम विसरून जा.

पायरी ४: सबप्रोसेस.रन वापरा

पायथन ३.५ पासून हे आहे आणि नव्या माणसाने दुसरीकडे बघायची गरज नाही. कमांड आणि तिचे आर्ग्युमेंट यांची लिस्ट द्यायची, एक स्ट्रिंग नाही, म्हणजे मध्ये शेल येत नाही आणि फाइलच्या नावात स्पेस असली तरी तुकडे पडत नाहीत. परत मिळतो एक ऑब्जेक्ट, त्याच्यातला रिटर्नकोड हा खराखुरा सोललेला कोड. कॅप्चर-आउटपुट आणि टेक्स्ट ही दोन्ही ट्रू केली (३.७ पासून) की आउटपुट आणि एररचा मजकूरही हातात.

पण रन स्वतःहून काही तक्रार करत नाही, कोड ५० आला तरी गुपचूप पुढच्या ओळीवर जातं. त्यासाठी चेक=ट्रू द्यायचं, मग शून्य सोडून काहीही आलं की एक्सेप्शन फेकतं, कॉल्ड-प्रोसेस-एरर, आणि त्याच्यात कोडही असतो आणि एररचा मजकूरही. माझा नियम असा, सवयीने चेक=ट्रू लावायचं आणि जिथे शून्य नसलेला कोडही चालतो तिथेच मुद्दाम काढायचं, उलटं नाही.

शेल मध्ये नसल्यामुळे आणखी एक फरक पडतो. कमांडच सापडली नाही तर इथे १२७ येत नाही, कारण १२७ म्हणणारा शेल होता आणि तो आता नाही. थेट फाइल-नॉट-फाउंड-एरर येतं, परवानगी नसेल तर पर्मिशन-एरर. म्हणजे कमांड सुरूच झाली नाही हा एक प्रकार आणि सुरू होऊन फसली हा दुसरा, दोघांना वेगवेगळं पकडावं लागतं. नवीन मुलं फक्त कॉल्ड-प्रोसेस-एरर पकडतात आणि मग सर्व्हरवर आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड) इन्स्टॉल नसला की प्रोग्रॅम धाडकन तोंडावर आपटतो. आणि हो, फाइल-नॉट-फाउंड हे चालू फोल्डर म्हणून दिलेला पाथ नसला तरी येतं, त्यामुळे मेसेज नीट वाचा, नाहीतर कमांड शोधत बसाल.

सिग्नलने मेली तर पायथन ऋण आकडा देतं, मायनस ९, मायनस १५. शेलमध्ये तेच १३७ आणि १४३ दिसतं. जावाचं वेटफॉर लिनक्सवर १३७ देतं, नोडमध्ये (ब्राउझरबाहेर चालणारं जावास्क्रिप्ट) कोडच्या जागी नल येतं आणि सिग्नलचं नाव वेगळं मिळतं. मेलेला माणूस तोच, पण दाखला देणारं ऑफिस वेगळं, असला प्रकार.

टाइमआउट द्यायला विसरू नका. नेटवर्कवर बोलणारी कमांड कधी कधी संपतच नाही, आणि न संपलेल्या कमांडला कोडच नसतो. रनला टाइमआउट सेकंदात द्या, वेळ संपली की तो त्या कमांडला मारतो आणि टाइमआउट-एक्सपायर्ड फेकतो. शेलमध्ये टाइमआउट नावाचीच कमांड आहे, तिने मारलं तर १२४ येतो.

पी-ओपन (सबप्रोसेसमधलाच, कमांड सुरू करून न थांबता पुढे जाणारा प्रकार) वापरत असाल तर एक खड्डा दाखवून ठेवतो. कमांड चालू असेपर्यंत तिथे रिटर्नकोड नन (None, म्हणजे अजून काहीच नाही) असतो. आता कुणी "इफ नॉट रिटर्नकोड, तर यश" असं लिहिलं की ननही यश ठरतं, कमांड अजून अर्ध्यात आहे आणि तुम्ही बॅकअप झाला म्हणून मेल पाठवून मोकळे. आधी कम्युनिकेट करा. नुसतं वेट करू नका, कारण आउटपुट पाइपमध्ये (एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला पोचवणारी नळी) घेतलं असेल आणि ते कुणी वाचत नसेल तर लिनक्सवर साधारण ६४ केबीला पाइप तुंबतो, कमांड तुमची वाट बघते आणि तुम्ही कमांडची, दोघंही सकाळपर्यंत. छोट्या टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही, आउटपुट दोन ओळींचं असतं ना.

पायरी ५: शेल आणि पाइप, म्हणजे सही शेजाऱ्याची

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी एक रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट लिहिली होती. मायएसक्यूएल-डंपचं (डेटाबेसमधला डेटा मजकूर म्हणून बाहेर काढणारी कमांड) आउटपुट पाइप करून जीझिपला (डेटा कॉम्प्रेस करणारी कमांड) द्यायचं, जीझिपचं फाइलमध्ये. शेल=ट्रू (म्हणजे रनने कमांड शेलमार्फत चालवायची), एक स्ट्रिंग, आणि हो, कोड तपासला होता मी, शून्य असेल तरच लॉगमध्ये "बॅकअप ओके". एररचा मजकूर /डेव्ह/नल (लिहिलेलं सगळं गिळून टाकणारी खास फाइल) मध्ये, कारण मेल फार यायचे. मधे कधीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, स्क्रिप्टमध्ये बदलायचा राहिला. लॉगमध्ये रोज "बॅकअप ओके". तीन आठवड्यांनी जुना डेटा लागला म्हणून फोल्डर उघडला, तर एकाखाली एक एकवीस फाइली, आणि प्रत्येकीची साइज २० बाइट. केबी नाही, बाइट.

झालं काय, तर डंपला आत घेतलंच नाही, तो एरर देऊन संपला, एक अक्षरही आउटपुट न देता. जीझिपने शून्य बाइट इमानदारीत कॉम्प्रेस केले (रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल २० बाइटचीच होते, १० बाइट हेडर, २ बाइट मजकूर, ८ बाइट शेपटी) आणि "माझं काम झालं" म्हणून ० दिला. पाइपलाइनचा कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा कोड. पार्सल आपलं, पण पोचपावतीवर सही शेजाऱ्याची.

याच जातीचे बाकीचे प्रकारही बघून ठेवा. कमांड पाइप टी (आउटपुट पडद्यावर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे देणारी कमांड) करून लॉग फाइल, की कोड टीचा. दोन कमांड अर्धविरामाने जोडल्या, की कोड दुसरीचा. बॅशच्या फंक्शनमध्ये लोकल लिहून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेतलं, की कोड लोकलचा, आणि लोकल कायम यशस्वी. तिथे आधी लोकल नाव जाहीर करा आणि दुसऱ्या ओळीत आउटपुट घ्या. आणि कुठल्या तरी घाईच्या दिवशी कुणीतरी शेवटी || ट्रू (फसलं तरी शून्यच दे) चिकटवलेलं असतं, ते तर उघड उघड तोंड दाबणंच.

उपाय. बॅश स्क्रिप्ट असेल तर वर सेट मायनस ओ पाइपफेल लिहा, मग पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी पूर्ण पाइपलाइन फसली असं धरलं जातं. कुठली फसली हे हवं असेल तर पाइपस्टेटस नावाचा अॅरे असतो, त्यात प्रत्येकीचा कोड ओळीने मिळतो, पण तोही $? सारखाच लगेच वाचावा लागतो. पाइपफेलचा एक त्रास म्हणजे हेड. लांबलचक आउटपुट हेडला दिलं की तो दहा ओळी घेऊन निघून जातो, मागच्या कमांडला तुटलेला पाइप मिळतो, ती सिग्नल १३ ने मरते आणि तुमच्याकडे १४१ येतो, खरं तर काहीच बिघडलेलं नसतं.

पायथनवाल्यांनी इथे अजून जपून. शेल=ट्रू दिलं की पायथन /बिन/एसएच वापरतं, आणि उबंटूवर तो बॅश नसून डॅश असतो, २००६ पासून. त्यामुळे टर्मिनलवर चाललेलं पाइपस्टेटस तुमच्या प्रोग्रॅममध्ये चालणार नाही. एक्झिक्युटेबल म्हणून बॅशचा पाथ देता येतो, पण मी आता ते करत नाही. मी पाइपच काढून टाकला. आधी डंप एका तात्पुरत्या फाइलमध्ये, चेक=ट्रू. मग जीझिप, चेक=ट्रू. मग फाइलची साइज बघायची, आणि सगळं नीट असेल तरच ओएस.रिप्लेसने खरं नाव द्यायचं. डिस्क थोडी जास्त लागते, लागू दे. फसलं तर अर्धवट फाइल खऱ्या नावाने कधीच बसत नाही हा मोठा फायदा.

साइज कशाला, कोड बघितला ना? तर त्या २० बाइटच्या फाइलवर जीझिप मायनस टी चालवून बघा, ती तपासणारी कमांडसुद्धा ० देते, कारण फाइल रिकामी असली तरी जीझिप म्हणून अगदी धडधाकट आहे. मायएसक्यूएल-डंप कॉमेंट बंद केल्या नसतील तर शेवटी "डंप कम्प्लिटेड" अशी एक ओळ लिहितो, मी ती ओळ आहे का तेही बघतो. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

पायरी ६: प्रत्येक कमांडची बोली वेगळी

चेक=ट्रूची सवय लागली की दोन दिवसांत नवीन माणूस येऊन सांगतो, ग्रेप (फाइलमध्ये मजकूर शोधणारी कमांड) क्रॅश होतोय. होत नसतो. ग्रेपचा ० म्हणजे सापडलं, १ म्हणजे सापडलं नाही, २ म्हणजे खरी गडबड. लॉगमध्ये "एरर" शब्द शोधताय आणि तो सापडला नाही तर ती आनंदाची बातमी आहे, पण कोड १. दोन फाइली ताडून बघणाऱ्या डिफचंही तसंच, ० सारख्या, १ वेगळ्या, २ त्रास. इथे चेक काढायचं आणि स्वतः लिहायचं, ० असेल तर हे, १ असेल तर ते, बाकी काहीही असेल तर एक्सेप्शन. ते "बाकी काहीही" विसरू नका.

कर्ल (नेटवरून पान किंवा फाइल आणणारी कमांड) दुसऱ्या टोकाला. पान नसलं, सर्व्हरने ४०४ दिलं, तरी कर्ल ० देतो, कारण त्याच्या मते सर्व्हरशी बोलणं झालं, उत्तर आलं, काम संपलं. आणि तुमच्या फाइलमध्ये झिपऐवजी "पान सापडले नाही" असं सांगणारं एचटीएमएल पडतं. मायनस एफ द्या, मग ४०० आणि त्यावरच्या उत्तरांना २२ येतो. बाकी ६ म्हणजे सर्व्हरचं नाव सापडलं नाही, ७ म्हणजे कनेक्ट झालं नाही, २८ म्हणजे वेळ संपली.

जीएनयू टार (फाइलींचा एक गठ्ठा बांधणारी कमांड) १ देतो जेव्हा वाचता वाचता एखादी फाइल बदलली, चालू सर्व्हरच्या लॉग फोल्डरचा टार काढताना हे होणारच, २ आला तर मात्र गंभीर. आरसिंकचा २४ म्हणजे यादी केल्यावर काही फाइली गायब झाल्या, बहुतेक ठिकाणी चालतं, २३ म्हणजे काही फाइली गेल्याच नाहीत, हे चालवून घेऊ नका. एसएसएच (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणारी कमांड) पलीकडच्या कमांडचाच कोड आणून देतो, आणि कनेक्शनच झालं नाही तर २५५. पण पलीकडची कमांड स्वतःच २५५ ने संपली तर? ओळखता येत नाही, म्हणून आपल्या स्क्रिप्टना २५५ कधी देऊ नका.

आणि विंडोजचा रोबोकॉपी. तिथे १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या. शून्य म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतंच. ८ च्या खालचं सगळं ठीक आणि ८ पासून वर फसलं. ज्याने हे ठरवलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये "इफ एररलेव्हल १" याचा अर्थ १ आहे का असा नसून १ किंवा जास्त आहे का असा होतो, हेही तिथेच लिहून ठेवा.

या सगळ्यांची पाठांतरं करायची नाहीत. नवी कमांड प्रोग्रॅममध्ये घेताना तिचं मॅन पान उघडायचं, एक्झिट स्टेटस असा भाग शोधायचा, दोन मिनिटं वाचायचं. आणि कोडमध्ये नुसतं २४ लिहू नका, नावाचा कॉन्स्टंट करा, शेजारी मराठीत कॉमेंट टाकली तरी चालेल.

पायरी ७: कोड कळला, पुढे काय

तीनच गोष्टी करता येतात, थांबा, परत करून बघा किंवा नोंद करून पुढे जा. परत करून बघणं फक्त ज्या गोष्टी वेळाने सुधारू शकतात त्यांच्यासाठी, म्हणजे कर्लचे ६, ७, २८ वगैरे, तेही तीनचार वेळा आणि मध्ये थांबून. चुकीचा पासवर्ड शंभर वेळा पाठवलात तर बरोबर होत नाही, अकाउंट मात्र लॉक होतं. लॉगमध्ये पूर्ण कमांड (पासवर्ड सोडून), कोड आणि एररच्या शेवटच्या काही ओळी लिहा, नुसतं "कमांड फसली" याचा रात्री दोनला कुणालाही उपयोग नाही.

आणि मग तुमचा प्रोग्रॅम स्वतः काय कोड देतो तेही बघा, कारण कुणीतरी तुम्हालाही चालवत असतो. पायथनमध्ये न पकडलेलं एक्सेप्शन आलं तर आपोआप १ जातो. पण तुम्ही एक्सेप्शन पकडून फक्त प्रिंट केलंत आणि फाइल संपली, तर ०. आणखी एक गंमत, मेन फंक्शन यश म्हणून ट्रू परत देतं आणि ते सरळ सिस.एक्झिटला दिलेलं असतं, पायथनमध्ये ट्रू म्हणजे १, म्हणजे यशस्वी झाल्यावर कोड १ आणि फसल्यावर फॉल्स म्हणजे ०. हे असं उलटं चाललेलं प्रकरण महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही, कारण क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) कोडकडे बघतच नाही, तो आउटपुट आलं तर मेल करतो, तोही मेल लावलेला असेल तर. सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा) मात्र बघतो आणि सर्व्हिस फेल म्हणून दाखवतो, त्यामुळे क्रॉनवरून सिस्टिमडीवर नेल्यावर अचानक लाल दिसायला लागतं आणि लोक सिस्टिमडीवर खापर फोडतात.

पीएचपीवाल्यांसाठी एक ओळ, एक्झेकचा तिसरा पॅरामीटर म्हणजे कोड, शेल-एक्झेक कोड देतच नाही, तेव्हा ते फक्त आउटपुट बघायला.

पायरी ८: मुद्दाम फसवा

चाललेला प्रोग्रॅम टेस्ट करून काही कळत नाही, फसवून बघा. कमांडच्या जागी फॉल्स टाका. एसएच मायनस सीमध्ये एक्झिट ३ लिहून ३ येतो का पाहा. कमांडच्या नावात एक अक्षर जास्त टाका. स्लीप १०० चालवून दुसऱ्या टर्मिनलवरून तिला किल मायनस ९ मारा. आणि डिस्क भरल्यावर काय होतं हे बघायला डिस्क भरायची गरज नाही, लिनक्समध्ये /डेव्ह/फुल नावाची एक फाइल आहे, तिच्यात काहीही लिहायला गेलं की "जागा नाही" अशीच एरर येते. तुमच्या कमांडचं आउटपुट तिकडे वळवा आणि बघा प्रोग्रॅम काय म्हणतो. मी माझ्या नव्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा ती बरोबर ओरडली, कोड १, लॉगमध्ये कारण, जुनी फाइल जागच्या जागी. मग कॉन्फिगमध्ये चुकीचा पासवर्ड टाकला, तेव्हाही ओरडली. मग बरोबर पासवर्ड टाकायला विसरून घरी गेलो, आणि रात्री दोन वाजता फोन वाजला.